पानातल्या पदार्थांना नावं ठेवू नका

२०१८-१९च्या सुमारास मराठी घरांत एक नवी फाळणी झाली. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित यांना मानणारे होते: दिवसातून दोनदाच जेवायचं, तेही ५५ मिनिटांच्या आत, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. दुसऱ्या बाजूला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचे वाचक होते: थोड्या थोड्या वेळानं खायचं, तूप-भाताला घाबरायचं नाही, आजी खायची ते खायचं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या घरगुती गटांत दोन्हीकडून विनोदांच्या फैरी झडल्या. हळदीकुंकवाला आलेल्या पाहुणीला ‘तुम्ही दीक्षित की दिवेकर?’ असं विचारून मगच तिच्यापुढे बशी सरकवली जाऊ लागली.

दोघांपैकी बरोबर कोण, हा या लेखाचा विषय नाही. गोड कमी, पाकिटातलं कमी, हालचाल जास्त यावर दोन्ही गोटांत फारसं दुमत नव्हतंच. पण त्या वादाचा एक अवशेष मागे उरला आणि तो अजून ओसरलेला नाही. जेवायला बसलेला माणूस पानाकडे संशयानं पाहू लागला. जुन्या घरांत पानातल्या अन्नाला नावं ठेवायची मुभा नव्हती. भाजी अळणी झाली तर गुपचूप मीठ घेऊन खावी लागे. आता चवीला कुणी फारशी नावं ठेवत नाही, पण भात म्हणजे साखर, साखर म्हणजे विष, गहू म्हणजे ग्लुटेन, केळं म्हणजे वजन आणि तेल म्हणजे हार्ट अटॅक. घास तोंडात जाण्याआधीच त्याच्यावरचं आरोपपत्र तयार असतं.

या धास्तीमुळे माणसं खरोखरच चांगलं खाऊ लागली असती, तर तक्रारीला जागा नव्हती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली अमेरिका, फ्रान्स, बेल्जियम आणि जपान या चार देशांतल्या लोकांना खाण्याबद्दल काय वाटतं याची पाहणी प्रसिद्ध केली. अन्नाचा संबंध आरोग्याशी सर्वांत जास्त आणि आनंदाशी सर्वांत कमी जोडणारे निघाले अमेरिकन. तब्येतीसाठी आहारात सर्वांत जास्त बदल करणारेही तेच. आणि ‘मी आरोग्याला योग्य असं खातो’ असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण सर्वांत कमी होतं तेही त्यांच्यातच. फ्रेंच लोक दुसऱ्या टोकाला होते. त्यांच्या लेखी जेवण ही मुख्यतः आनंदाची बाब होती. म्हणजे काळजीत अग्रेसर असलेला देश समाधानात मागे पडला होता.

भीतीनं पोट मारून खाणं सुधारत नाही याचं त्याहून ठळक उदाहरण अमेरिकेतल्या मिनेसोटात सापडतं. नोव्हेंबर १९४४ मध्ये अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं तिथल्या विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. हे तरुण युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले स्वयंसेवक होते. युरोपात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा माणसात कसं आणायचं, हे त्यातून शिकायचं होतं. पहिले तीन महिने पोटभर जेवण आणि पुढचे सहा महिने रोज सुमारे १५७० कॅलरी. तरुणांचं वजन जवळजवळ पाव हिश्शानं उतरलं, ते अपेक्षितच होतं. अपेक्षेबाहेरचं होतं ते त्यांच्या मनाचं वागणं. ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. एकेक जेवण दोन-दोन तास पुरवू लागले. ताटल्या चाटू लागले. बोलण्यात दुसरा विषय उरेना, चिडचिड वाढली, उदासी आली. जेवण पुन्हा सुरू झाल्यावर काही जण पोट फुटेस्तोवर खात आणि तरीही भूक भागली नाही म्हणत.

वजन उतरवून देणारी अनेक मोबाइल अ‍ॅप्स आज धडधाकट माणसाला १२०० ते १५०० कॅलरींचा आकडा देतात. महिनाभर तो आकडा पाळून एका रात्री फ्रिजसमोर उभं राहून अख्खा श्रीखंडाचा डबा संपवणाऱ्या माणसाला आपल्या मनाची लाज वाटते. वास्तविक त्याचं शरीर मिनेसोटातल्या त्या तरुणांसारखंच वागत असतं. दुष्काळ आला आहे असं समजून ते अन्नाचा ध्यास धरतं. यात मनाच्या कमकुवतपणाचा प्रश्न कमी आणि उपाशीपणाचा जास्त असतो.

आपल्याकडे हे निरीक्षण प्रयोगशाळेची वाट न पाहता म्हणीत आलं आहे: एकादशी अन् दुप्पट खाशी. श्रद्धेनं केलेल्या उपवासाबद्दल इथे काही म्हणायचं नाही. पण संकष्टीला दिवसभर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स, दाण्याचा लाडू आणि चंद्रोदयानंतर पंचपक्वान्न असा बेत ‘तेवढंच वजन उतरेल’ म्हणून केला जातो, तेव्हा हिशेब तपासलेला बरा. साबुदाणा हा टॅपिओका कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात प्रथिनं नावापुरतीच. (टॅपिओका, बटाटा, शेंगदाणा, मिरची ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. आपल्या उपवासाच्या ताटातला अर्धाअधिक ऐवज पोर्तुगीज आल्यानंतर आला आणि सोवळ्यात कसा शिरला, हे एक कोडंच आहे.)

म्हणीतली दुसरी खोच अशी, की नेम मोडला की माणूस तो पुरताच मोडतो. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ साली विद्यार्थिनींना आइस्क्रीमची चव सांगायला बोलावलं. त्याआधी काहींना एक मिल्कशेक दिला, काहींना दोन, काहींना काहीच नाही. एरवी खाण्यावर बंधनं न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं, जे कुणीही करेल. डाएट करणाऱ्या मुलींनी मात्र मिल्कशेकनंतर आइस्क्रीम जास्त खाल्लं. आजचा दिवस वाया गेलाच आहे, मग आता कशाला अडवायचं? ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक खाल्ल्यावर संध्याकाळी पाणीपुरी, रात्री पिझ्झा आणि ‘सोमवारपासून पुन्हा’ हा क्रम अनेकांच्या ओळखीचा असेल.

म्हणून सुरुवात पोट भरण्यापासून करावी. वेळेवर आणि पुरेसं जेवण हा निरोगी खाण्याचा पाया आहे आणि तोच बहुतेकांचा कच्चा असतो. मुंबईकडे सकाळी चहा-बिस्किटावर लोकल गाठायची, दुपारी मीटिंगमुळे डबा अर्धाच खायचा, ‘कमी खाल्लं ते बरंच झालं’ म्हणायचं आणि सहा वाजता स्टेशनाबाहेर दोन वडापाव हाणायचे. पुढे रात्री साडेनऊला भूक नसताना जेवायचं. यात वडापावाला गुन्हेगार ठरवून काही साधत नाही. सकाळी दोन अंडी किंवा मुगाची धिरडी खाल्ली, डबा पूर्ण संपवला आणि पाचच्या सुमारास पिशवीतले चणे-फुटाणे, केळं किंवा मूठभर दाणे तोंडात टाकले, तर सहा वाजताचा वडापाव हौसेचा होतो. हौसेचा वडापाव एक पुरतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ताटातून काय काढायचं याऐवजी काय वाढायचं, हा प्रश्न आधी विचारावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांत २००० कॅलरींच्या दिवसासाठी सुचवलेलं माप साधारण असं आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध ३०० मिलीलिटर, तेलबिया-सुकामेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. हे कच्च्या मालाचं वजन आहे. काटा घेऊन बसायची गरज नाही, पण एकदा तरी घरच्या वाणसामानाशी हे ताडून पाहावं. चार माणसांच्या घरात महिन्याला दहा किलो डाळी-कडधान्यं लागायला हवीत. बहुतेक घरांत त्याच्या निम्मीही येत नाहीत. भाजीचंही तेच: माणशी चारशे ग्रॅम म्हणजे चौघांना रोज दीड किलोच्या वर. चार पोळ्या आणि त्यांना लावायला दोन चमचे बटाट्याची भाजी हा आपला नेहमीचा डबा या मापात बसत नाही.

मराठी स्वयंपाकात वाढवण्याजोगं काही कमी नाही. मटकीची उसळ, पिठलं, झुणका, डाळ घातलेली मेथीची पातळ भाजी, अंबाडी, शेवग्याच्या शेंगा, भरपूर कोशिंबीर, खमंग काकडी, कोबीची पचडी, ताक. अडचण प्रमाणाची आहे. उसळ वाटीभर असते आणि भाताचा डोंगर. तो डोंगर टेकडीएवढा करावा आणि वाट्या दोन कराव्यात. आमटी इतकी पातळ असते, की डाळ तळाशी शोधावी लागते. ती घट्ट करणं हा महाराष्ट्रातला सर्वांत स्वस्त आहारसल्ला ठरावा. पोहे सोडण्याऐवजी पोह्यांत मटार, मोड आलेले मूग आणि दाणे सढळ हातानं घालता येतात. कोकणात आणि गोव्यात बांगडा, तारली, सुकट यांनी हा प्रश्न पिढ्यानपिढ्या सोडवलेला आहे. तिथे वाढवायची ती भाजी.

ताटातलं प्रमाण बदलण्याच्या या सल्ल्यामागे पुण्याचं एक संशोधनही आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन यूडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघंही सडपातळ, दोघांचाही बीएमआय २२.३. मात्र यूडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून बारीक दिसणारा भारतीय आतून चरबी बाळगून असतो आणि त्याला मधुमेह तुलनेनं लवकर गाठतो, हे त्या एका छायाचित्रानं जगाला समजावलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेह असलेल्या भारतीयांचा अंदाज १० कोटींवर गेला होता. तेव्हा ‘मनाला वाटेल ते खा, मजेत राहा’ एवढं सांगून कुणाला सुटता येणार नाही. त्याच पाहणीच्या पुढच्या विश्लेषणात असंही दिसलं, की आपल्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून, मुख्यतः धान्य-साखरेतून, येतात, आणि पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ घेतलं पण एकूण प्रमाण तेवढंच राहिलं, तर धोका फारसा घटत नाही. भात सोडून पोळ्या दुप्पट करणाऱ्यांनी आणि ज्वारी-नाचणीला औषध मानून सहा भाकऱ्या खाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

इथे मनाचा भाग पुन्हा येतो. ‘भात वाईट’ म्हटलं, की इंद्रायणी तांदळाच्या वासासरशी मन झुरतं आणि रविवारी बांध फुटतो. ‘आधी उसळ आणि कोशिंबीर, मग भात’ म्हटलं, तर भात ताटातून जात नाही, त्याचा वाटा आपोआप कमी होतो. या क्रमालाही आधार आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ साली मधुमेह असलेल्या ११ जणांना तेच जेवण दोन वेगळ्या क्रमांनी दिलं. भाज्या आणि प्रथिनं आधी, पाव आणि फळांचा रस नंतर घेतला, तेव्हा तासाभरानंतरची रक्तातली साखर ३७ टक्क्यांनी कमी भरली. अकरा जणांवरून विश्वाचे नियम ठरत नाहीत. पण कोशिंबीर आधी खाण्यात तोटा काहीच नाही. जेवणानंतरची शतपावलीही अशीच फुकटची. २०१३ सालच्या एका अमेरिकी प्रयोगात, साखर वाढण्याचा धोका असलेल्या वयस्कर माणसांना प्रत्येक जेवणानंतरच्या १५ मिनिटांच्या चालण्यानं चांगला उपयोग झाला होता.

पान वाढून झालं की उरतो तो लक्ष देण्याचा मामला.

रोझिन यांचाच आणखी एक विलक्षण प्रयोग १९९८चा आहे. मेंदूच्या इजेमुळे ताज्या आठवणी साठवूच न शकणारे दोन रुग्ण त्यात होते. त्यांचं जेवण झाल्यावर दहा ते तीस मिनिटांत, जेवल्याचं ते विसरले की, पुन्हा तेवढंच ताट समोर ठेवलं. त्यांनी ते खाल्लं. पुन्हा ठेवलं, तर तिसऱ्यांदाही खायला सुरुवात केली. पोट भरल्याची जाणीव पोटाइतकीच आठवणीवरही चालते, हे त्यातून उघड झालं. मोबाइलवर रील पाहत जेवणारा माणूस थोडासा त्या रुग्णांच्या वाटेनं जातो. जेवण झालं, पण जेवल्यासारखं वाटलं नाही. मग तासाभरानं डबे उघडले जातात. २०१३ साली २४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही हेच निघालं: लक्ष दुसरीकडे असताना त्या वेळचं खाणं वाढतं आणि नंतरच्या वेळचं त्याहून अधिक वाढतं.

तिन्ही वेळा मौन पाळून जेवायचा संकल्प करू नये, तो गुरुवारपर्यंत मोडेल. एक जेवण निवडावं. ते टीव्हीसमोर किंवा ओट्याशी न घेता ताट मांडून, बसून घ्यावं. फोन दुसऱ्या खोलीत. पहिले चार-पाच घास चवीकडे लक्ष देऊन खावेत: फोडणीत हिंग आहे का, लिंबू पुरेसं आहे का. निम्मं जेवण झाल्यावर हात थांबवून पाणी प्यावं आणि भूक किती उरली हे पाहावं. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. सात मिनिटांत जेवण उरकणाऱ्याला तो निरोप हात धुतल्यावर मिळतो.

घरात काय हाताशी आहे, याचा मनावर होणारा परिणाम आपण फार कमी लेखतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगासाठी २० जणांना महिनाभर ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, अतिप्रक्रिया केलेलं अन्न. दोन आठवडे साधं शिजवलेलं. दोन्हीकडे साखर, मीठ, चरबी, चोथा यांचा मेळ जुळवलेला आणि हवं तेवढं खायची मुभा. पहिल्या प्रकारात माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. चवीला दोन्ही सारखंच बरं वाटलं असं तीच माणसं म्हणाली होती. म्हणजे जास्त खाल्लं ते जिभेच्या चोचल्यांमुळे, असा ठपका ठेवता येत नाही. ते अन्न मऊ होतं, भराभर खाल्लं जात होतं आणि पोट भरल्याची खूण पटायच्या आत संपत होतं.

तेव्हा स्वतःशी कुस्ती खेळण्यापेक्षा फडताळ लावून घ्यावं. बिस्किटं, फरसाण, वेफर्स यांची महिन्याच्या किराण्यात ठोक खरेदी बंद करावी. हवंसं वाटलं तर खाली उतरून लहान पाकीट आणावं, बशीत काढावं आणि मनापासून खावं. डोळ्यांसमोरच्या डब्यात भाजलेले दाणे, फुटाणे, कुरमुरे, खजूर; ओट्यावर फळांची परडी. लहान ताटली घेतली की माणूस कमी खातो वगैरे युक्त्यांवर फार विसंबू नये. असल्या युक्त्यांसाठी गाजलेले कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक ब्रायन वॅन्सिंक २०१८ मध्ये विद्यापीठाच्या चौकशीत संशोधनातल्या गैरवर्तनाबद्दल दोषी ठरले आणि त्यांचे अनेक निबंध मागे घेतले गेले.

आता थोडं घरातल्या बाईबद्दल, कारण आहाराचे बहुतेक सल्ले तिनं सगळ्यांसाठी अमलात आणायचे असतात. पुष्कळ घरांत ती शेवटी जेवते. नवऱ्याला दोन वाट्या उसळ वाढली, मुलांना अंडं दिलं, सासूबाईंना मऊ भात केला आणि मग कढईतलं पुसून घेतलेलं तिच्या वाट्याला. वर ‘पानात टाकू नये’ या संस्काराचा सगळा भार तिच्यावर. मुलीनं टाकलेली अर्धी पोळी, कालचा भात, सकाळचे उरलेले पोहे, सगळं तिच्या पोटात. शिवाय वजन वाढलं म्हणून टोमणेही तिलाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत, पण शेवटचं ताट हे त्यांपैकी एक आहे यात शंका नको.

यावरचा उपाय तिच्या एकटीच्या मनोवृत्तीत नाही. एकत्र बसून जेवायचं. गरम पोळीचा हट्ट घरातल्या पुरुषांनी सोडायचा. पोळ्या आधी करून डब्यात ठेवायच्या. उसळ, अंडी, मासे यांचे वाटे वाढायच्या आधी पाडायचे, उरलं तर नव्हे. शिळं संपवायची पाळी लावायची. तिला स्वतःला एक सवय लावून घेता येते: उभ्यानं, चमच्यानं, कढईतूनच ‘थोडंसं’ खाण्याऐवजी भूक लागली असेल तर ताटली घ्यावी आणि बसावं. उभ्यानं खाल्लेलं आठवणीत राहत नाही, पोटात मात्र राहतं.

मुलांच्या बाबतीत आपण उलटं टोक गाठतो. मोबाइल दाखवत भरवायचं, ‘एवढा घास काऊचा’ करत पोट भरल्यावरही दोन घास कोंबायचे, आणि ‘भाजी संपव, मग आइस्क्रीम’ असा सौदा करायचा. या सौद्यातून मुलाला एवढंच कळतं, की भाजी ही शिक्षा आहे आणि आइस्क्रीम हे बक्षीस. अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी पालकांसाठी कामाची एक सोपी वाटणी सुचवली आहे. काय खायचं, केव्हा आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलानं. मराठी घरात हे पचायला अवघड आहे, विशेषतः आजीला. पण भुकेचा आणि तृप्तीचा अंदाज मुलांना उपजत असतो. तो मोडला की मोठेपणी पैसे देऊन शिकावा लागतो. नवी भाजी मुलानं नाकारली तर घाबरू नये. आठ-दहा, कधी पंधरा वेळा ती पानात दिसावी लागते. दोडक्याची एक फोड, काही न बोलता, डाव्या बाजूला वाढत राहावी आणि आपण स्वतः ती आवडीनं खावी.

गोडाधोडाची मुलांसमोर अति राखण केली तरी फसतं. १९९९ साली जेनिफर फिशर आणि लीअन बर्च यांनी दाखवलं, की मुलांना एखादा खाऊ डोळ्यांसमोर ठेवून मज्जाव केला, की ती त्याच्याबद्दलच बोलत राहतात आणि मिळाला की तुटून पडतात. दिवाळीत फराळाचे डबे कपाटावर कुलपात ठेवण्यापेक्षा सकाळच्या बशीत एक लाडू, एक चकली, थोडा चिवडा आणि सोबत दूध किंवा फळ, असं राजरोस वाढावं. मोठ्यांनाही हाच नियम लागू. पाडव्याला पुरणपोळी खाताना ‘आज पाप केलं’ आणि दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून नुसता काकडीचा रस, हे दोन्ही सोडावं. पुरणपोळी तूप लावून, दूध घालून, बसून खावी. दुसऱ्या दिवशी नेहमीची आमटी-भाजी.

मधुमेह असलेल्यांना हे सगळं लागू आहे का? आहे, फक्त हिशेब काटेकोर हवा. त्यांच्याभोवती धास्तीचं वातावरण सर्वांत दाट असतं. मे महिन्यात घरचे आमरस खातात आणि त्यांच्यापुढे दुधी. डॉक्टरांशी बोलून, घरच्या ग्लुकोमीटरवर स्वतःचे आकडे पाहून, पुष्कळांना जेवणात एका पोळीऐवजी हापूसच्या दोन फोडी बसवता येतात. कुणाला नाही येत. हे रक्ताच्या तपासणीवरून ठरावं, शेजाऱ्यांवरून नको. औषध किंवा इन्शुलिन चालू असताना जेवण टाळणं किंवा कुणाचं पाहून उपवास धरणं धोक्याचं ठरू शकतं. साखर एकदम खाली जाते.

लग्नकार्यात भेटल्याबरोबर ‘किती सुटलीस गं!’ किंवा ‘खाल्लेलं अंगी लागत नाही वाटतं?’ असं म्हणायची आपली रीत आहे. बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी असते. ऐकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीच्या मनात ते वर्षानुवर्षं राहतं. देहावर शेरा मारायचा नाही, एवढं घराचं धोरण ठरवायला काही खर्च येत नाही. पंगतीतल्या आग्रहाला उत्तर देताना डाएटचं व्याख्यानही लावू नये. पानावर हात आडवा धरून ‘मठ्ठा फार छान झालाय, अजून वाटीभर द्या, जिलबी पुरे’ म्हटलं की वाढपी पुढे सरकतो. यजमानाला हवा असतो तो दाद देणारा पाहुणा.

काही खुणा दिसल्या तर मात्र लेख वाचत बसू नये, मदत घ्यावी. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं, लपून प्रचंड खाणं, जेवण टाळण्यासाठी सतत सबबी, पाळी बंद होणं, दिवसातला बराच वेळ कॅलरी आणि वजनाच्या विचारात जाणं. शुद्ध खाण्याच्या अट्टहासातून माणूस कुणाच्या घरी जेवेनासा होतो, त्या अवस्थेला स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकी डॉक्टरनं १९९७ साली ‘ऑर्थोरेक्सिया’ असं नाव दिलं. मानसिक आरोग्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आहारतज्ज्ञाकडे जायचं ठरलं, तर जाण्यापूर्वी आठवडाभराचं खाणं जसंच्या तसं वहीत लिहून न्यावं. तज्ज्ञाला खूश करण्यासाठी त्या आठवड्यापुरतं सॅलड खाऊ नये. किती वाजता खाल्लं, कुठे बसून, भूक होती का कंटाळा, शेजारी कोण होतं, हेही टिपावं. रात्री अकराला डब्यात हात घालून खाल्लेला चिवडाही त्यात यायला हवा. आणि यादी पाहून डोळे वटारणारा, भातावर फुली मारून छापील कागद हातात ठेवणारा तज्ज्ञ भेटला, तर दुसरा शोधावा.